दुसऱ्यांदा न ओढलेला तंग

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही – का ओळखीच्या माणसाला सांगायची छातीच नाही म्हणून? तसंही असेल.

मी यवतमाळकडचा. आठवीत शाळा सोडली आणि फिरत फिरत कोल्हापुरात आलो. आबांनी त्यांच्या पागेत ठेवून घेतलं. खरारा करण्यापासून घोड्यावर बसण्यापर्यंत सगळं शिकवलं, स्वतःच्या शेजारी बसवून जेवू घातलं. आज मी जो काही आहे तो त्यांच्यामुळं. म्हणूनच रोज धास्ती – यांचं मन माझ्यावरून उडालं तर?

आणि मग सरिता घोडेस्वारी शिकायला आली. कोडोलीहून, सकाळच्या एसटीनं. वर्षभरात अशी बसायला लागली, की आबा मला हाक मारायचे ते फक्त "तिची घोडी आण" म्हणायला. तिची? चांदणीला शिंगरू असल्यापासून मी वाढवलेलं. पण सरिता दिसली, की ती माझ्या हातातून मान सोडवून घ्यायची. सरिता हसायची, "काय वो दादा, घोडी माझ्याकडं आली की तुमचं तोंड का पडतंय?" मीही हसायचो – दुसरं काय करणार?

मग नवं खोगीर आलं. कोरं, वासाचं चामडं. सरिता स्पर्धेत उतरणार होती, तिच्यासाठी आबांनी करवून घेतलेलं. मी आठ वर्षं उसवलेल्या खोगिरावर काढली होती. मागितलं काहीच नव्हतं. पण निदान पहिल्यांदा बसून बघायला मला सांगतील – एवढं वाटलंच. आबा म्हणाले, "सरे, तूच बसून बघ की. तुझंच हाय ते."

घोड्याच्या पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा म्हणजे तंग. आवळताना चांदणी पोट फुगवायची. म्हणून एकदा ओढायचा, फेरी चालवायची, तिनं श्वास सोडला की पुन्हा दोन भोकं ओढायचा. नवं चामडं तर ताणतंच. बसणाऱ्यानं तंग तपासायचा नाही, बांधणाऱ्याच्या शब्दावर बसायचं – ही आमच्या पागेची रीत.

फेरी झाली. आबांनी मैदानातून विचारलं, "दुसऱ्यांदा वडलास न्हवं?"

"व्हय."

ओढला नव्हता. विसरलो, असंही नाही. हात तंगावर होता – आणि मी तो काढून घेतला.

तिसऱ्या वळणाला खोगीर फिरलं. सरिता कुंपणावर आदळली, खांद्याचं हाड मोडलं. सगळे तिच्याकडं धावले. मी घोडीकडं – कुणी बघायच्या आत तंग सोडून टाकायला. गाडीत बसवताना तीच म्हणत होती, "माझाच तोल गेला, आबा. दादास्नी बोलू नका."

स्पर्धा हुकली. हाड जुळलं, पण ती पुन्हा घोड्यावर बसली नाही. नवख्यांना शिकवायचं काम आबा तिला देणार होते – ते मला दिलं. मी त्यांच्या पाया पडलो.

गेल्या महिन्यात सरिता आली होती, लेकीला घोडी दाखवायला. पोरगी चार वर्षांची. चांदणीवर बसायचं म्हणून हटून बसली. मी म्हटलं, "बसवू का?"

"नको वो दादा. माझ्यावर गेलीया ती, हिलाबी तोल नसणार."

पोरगी हात पुढं करून रडायला लागली. सरितानं तिला उचललं आणि फाटकाकडं निघाली. मी लगाम धरून उभा होतो.