हात मागे

कुंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी हिंदमात्याच्या एका दुकानात ब्लाउजपीस निवडत होते. तिच्या भावाचा, सुरेशचा फोन. "वासंतीताई, कुंदा गेली... सकाळी चहा पिता पिता गेली." दुकानदार दोन तुकडे हातात धरून विचारत होता, बाई, कुठला देऊ, आणि मी दोन्हींचे पैसे देऊन बाहेर पडले. रडू नंतर आलं. आधी मनात आलं ते हे, की आज गुरुवार. रविवारी दुपारी साडेबाराला नीमाचा व्हिडिओ कॉल येणार. नीमाला कोण सांगणार? नीमा टांझानियातल्या एका खेड्यात कॉम्प्युटर सेंटर चालवते. ते सेंटर कुंदानं उभं केलं, आणि तिथून परत आल्यापासून दर रविवारी त्या दोघींचं बोलणं ठरलेलं. "मेसेज टाकून दे की," सुरेश म्हणाला. मला ते पटेना. चार ओळींत कुंदा संपवायची हे माझ्याच्यानं होणार नव्हतं. आणि समोरासमोर सांगायची छाती नव्हती. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असेच गेले.

कुंदा परब ही माझी लहानपणापासूनची मैत्रीण. लालबागच्या चाळीत आमच्या खोल्या समोरासमोर होत्या. तिचे वडील गिरणीत साचेखात्यात जॉबर होते, म्हणजे मागांवर काम करणाऱ्यांना शिकवायचं, बिघाड काढायचा आणि सगळ्यांच्या शिव्याही खायच्या. चाळीत कुणाचं शिवणयंत्र अडलं की ते तिच्या बाबांकडे यायचं. आम्ही बारा-तेरा वर्षांच्या असू, बाबा कुंदाला यंत्रात दोरा ओवायला शिकवत होते. ओवायला म्हणजे काय, ते उभे होते दोन्ही हात पाठीमागे बांधून, आणि कुंदा पाऊण तास चुकत होती. दोरा दर वेळी भलत्याच आकड्यातून जायचा. मला बघवेना. मी पटकन हात घातला आणि दोरा ओवून दिला, तर बाबा माझ्यावर असे ओरडले की समोरच्या गॅलरीतली माणसं बाहेर आली. "हात मागे! तिका करूक दी. तुजो हात लागलो काय तिचो थांबता." त्यांनी ओवलेला दोरा ओढून काढला आणि कुंदाच्या हातात दिला. मला फार अपमान वाटला होता. आठवडाभर मी त्यांच्या घरी पाऊल टाकलं नाही. पण खरं सांगायचं तर माझा स्वभाव काही सुधारला नाही. पुढे पंचवीस वर्षं पोस्टाच्या काउंटरवर बसून मी तेच केलं. म्हाताऱ्यांच्या हातातून फॉर्म ओढायचे आणि स्वतः भरून मोकळं व्हायचं. रांग पुढे सरकायची, मला वाटायचं केवढी मी कामाची बाई.

गिरण्यांचा संप झाला तेव्हा आम्ही विशीच्या होतो. बाबा पहिले काही महिने रोज सकाळी सहाला डबा न घेता घरातून निघायचे, गिरणीच्या बंद गेटासमोर उभे राहायचे आणि परत यायचे. हात पाठीमागेच असायचे, फक्त आता समोर शिकणारं कुणी नव्हतं. घरात कुणी मोठ्यानं बोलत नसे. भांडं पडलं तरी सगळे दचकायचे. कुंदाची आई खानावळीच्या पोळ्या लाटायची, कुंदा दादरला टायपिंगला जायची. संप कधी मिटला असं कुणी आम्हाला सांगितलंच नाही, तो नुसता लांबत गेला आणि बाबा म्हातारे होत गेले. काही वर्षांनी त्याच टायपिंगच्या क्लासात कॉम्प्युटर आले आणि कुंदा ते शिकायला लागली. हे बाबांना कळलं त्या संध्याकाळी मी तिथंच बसले होते. ते चिडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "ह्यां मशीन कोणाक घराक बसवतलां, तां सांग माका." नवं मशीन आलं की कुणाची तरी नोकरी जाते, हे त्यांनी गिरणीत बघितलं होतं. कुंदा ताटातला भात चिवडत राहिली. बाबा गेले तोवर तिनं त्याला उत्तर दिलेलं नव्हतं, आणि ही गोष्ट तिला लागून राहिली होती हे मला फार उशिरा कळलं.

तिनं लग्न केलं नाही. परळला एका व्यायामशाळेच्या वरच्या खोलीत तिनं गिरणी कामगारांच्या घरातल्या बायकांसाठी कॉम्प्युटरचा वर्ग काढला आणि बरीच वर्षं चालवला. तिथंच एका संस्थेची माणसं तिचं शिकवणं बघायला आली. ही संस्था मोठ्या ऑफिसांतले जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून आफ्रिकेतल्या खेड्यांत पाठवायची. यंत्रं पोचत होती, पण शिकवणारं माणूस परतलं की वर्षभरात सगळं धूळ खात पडायचं. कुंदा म्हणाली, मी जाते. पन्नाशीला आलेली बाई, रक्तदाबाच्या गोळ्या चालू, मुंबईबाहेर म्हणजे मालवणपलीकडे कधी गेलेली नाही! मी तिला वेड्यात काढलं. दुसऱ्या वर्षी मी पोस्टातून मुदतीआधीच निवृत्ती घेतली तशी तिनं मलाही तीन महिन्यांसाठी ओढून नेलं. "फॉर्म तरी भरशील तिथं," म्हणाली. टोमणाच होता.

जवळच्या शहरापासून बसनं सात तासांवर ते गाव. पत्र्याच्या छपराखाली एक लांब खोली, छपरावर सौर पॅनेल, आत टॉवेल पांघरलेले दहा कॉम्प्युटर. लाल धूळ अशी की सकाळी पुसलेलं टेबल दुपारी बोटानं नाव लिहिण्याजोगं व्हायचं. कुंदाला सगळे 'मामा कुंदा' म्हणायचे, तिकडे बाईला आदरानं मामाच म्हणतात. मी त्यावरून तिला भरपूर छळून घेतलं. पण वर्गात गेले आणि माझं हसू थांबलं. कुणी शिकणारा अडला आणि शेजारच्यानं मदतीला हात पुढे केला की सगळा वर्ग एका सुरात ओरडायचा, "हाट मागे!" लालबागच्या जॉबरचे शब्द, तिथं, त्या पत्र्याखाली... मला भरून आलं.

ताण मात्र पहिल्या दिवसापासून होता. कुंदाची मुदत संपत आली होती. संस्थेनं स्पष्ट कळवलं होतं, गावातलं कुणी एकट्यानं सेंटर चालवू शकतं हे आमच्या माणसाला दाखवा, नाहीतर दहाही कॉम्प्युटर जिल्ह्याच्या गावी हलवू. त्यांचा माणूस यायला तीन आठवडे उरले होते. सगळ्यांना वाटत होतं कुंदा तिथल्या मास्तरांना पुढे करेल. तिनं निवडली नीमा. तिशीची विधवा, गावातली शिंपीण, शाळा अर्ध्यावर सुटलेली. मी म्हटलं, "अगं, मास्तर इंग्रजी बोलतात, ही कॉम्प्युटरचा उंदीरसुद्धा नीट धरत नाही." कुंदा म्हणाली, "मास्तरांची बदली होईल. ही इथंच राहणार आहे. आणि ती यंत्र उघडायला घाबरत नाही."

आणि मग मी माती खाल्ली. एका दुपारी कुंदा गावच्या कचेरीत गेली होती, वर्ग माझ्याकडे. नीमा एक फाइल जागेवर ठेवायचा प्रयत्न करत होती. एकदा, दोनदा, सातव्यांदा. मला राहवेना. मी तिच्या हातातून माउस घेतला आणि खटाखट करून दाखवलं. तिनं माझ्याकडे बघितलं, सावकाश उठली, कॉम्प्युटरवर टॉवेल पांघरला आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या रात्री जेवताना कुंदानं ताट बाजूला सारलं. "वासंती, तू तिला सांगितलंस की तिला जमणार नाही."

"मी असं कधी म्हटलं?"

"हातानं म्हटलंस."

चाळीस वर्षांत ती माझ्याशी अशी बोलली नव्हती. मला रात्रभर झोप नाही. सकाळी उठून मी नीमाच्या घरी गेले. ती पायमशीनवर गणवेश शिवत होती. आमचं दोघींचं इंग्रजी मोडकं, त्यात माफी कशी मागणार? मी समोरच्या स्टुलावर बसले, स्वतःचे दोन्ही हात मांडीखाली दाबून. तिनं एक बाही जोडली, दुसरी जोडली. कॉलर उलटी लागली, तिनं ती उसवली आणि पुन्हा लावली. मी हलले नाही. शेवटी तिनं दात लावून दोरा तोडला आणि विचारलं, उद्या किती वाजता?

संस्थेचा माणूस जीपमधून आला, बरोबर जिल्ह्याचा एक अधिकारी. सारं गाव खिडक्यांना चिकटलेलं. नीमानं पहिल्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं. पंखा फिरल्याचा आवाज आला, पडदा काळाच. पुन्हा दाबलं. काळाच. त्या अधिकाऱ्यानं घड्याळ बघितलं. कुंदा आणि मी मागच्या बाकावर होतो. मी तिच्या कानाशी लागले, "अगं, बोल ना काहीतरी. मराठीत माझ्याशी बोलल्यासारखं कर, पण खूण तरी कर तिला."

"गप," कुंदा पुटपुटली. तिचे हात पाठीमागे होते. मी वाकून बघितलं तर एका हाताची नखं दुसऱ्या मनगटात रुतली होती.

नीमानं वायरी तपासल्या. बॅटरी बघितली. मग तिनं काय करावं? केसांतली पिन आत पडू नये म्हणून काढून बाजूला ठेवली, कॉम्प्युटर आडवा केला आणि त्याची पाठ खोलली. जिल्ह्याचा अधिकारी काहीतरी बोलला, संस्थेच्या माणसानं हात वर करून त्याला थांबवलं. तिनं आतली मेमरीची पट्टी बाहेर काढली, खिशातून शाळेतला खोडरबर काढला आणि पट्टीचे सोनेरी दात घासायला लागली. एक एक. कपड्यावरचा डाग काढावा तशी, घाई न करता. पट्टी परत बसवली, बटण दाबलं. टूं... आणि पडदा निळा झाला. बाहेर खिडकीशी बायकांनी असा गलका केला की पुढचं काही ऐकू आलं नाही. नीमानं एका म्हाताऱ्याचा दाखल्याचा अर्ज भरला, छापला आणि त्याच्या हातात दिला. दहाही कॉम्प्युटर तिथंच राहिले.

कुंदा मला इमारतीच्या मागे सापडली. भिंतीला टेकून खाली बसली होती, ओठ पांढरे. तिच्या छातीत दुखत होतं आणि महिनाभर ती ते लपवत होती, हे मला तिथं कळलं. मी रागानं रडायलाच लागले. ती मात्र हसत होती. "बाबांनी विचारलं होतं ना, ह्यां मशीन कोणाक घराक बसवतलां... मला बसवलं गं. मला बसवलं घरी. आता जाऊया."

ती आली आणि खरंच घरी बसली. चाळ पाडून झालेल्या इमारतीत, अकराव्या मजल्यावर, खिडकीशी टेबल आणि त्यावर कॉम्प्युटर. दर रविवारी साडेबारा. मधल्या काळात नीमानं शेजारच्या दोन गावांत सेंटरं काढली. अडचण आली की ती विचारायची आणि कुंदा उत्तर द्यायच्या ऐवजी उलट तिलाच प्रश्न विचारायची. मला तो कॉल लावायला शिकवतानाही तिनं कधी बोट लावलं नाही. मी चिडायची, ती पाठीमागे हात बांधून उभी.

त्या रविवारी मी तिच्या खुर्चीत बसले. सुरेश मागे उभा होता. बरोबर साडेबाराला कॉल आला. नीमा पडद्यावर दिसली, मागे वर्ग भरलेला, हसून म्हणाली, मामा कुंदा? मी तोंड उघडलं. शब्द नाही. उभ्या जन्मात लोकांच्या आधी बोलणारी मी! सुरेश पुढे वाकला, "दे, मी सांगतो." मी त्याचा हात बाजूला केला. नीमाचं हसू गेलं. तिनं माझ्याकडे बघितलं, मागे उभ्या सुरेशकडे बघितलं. तिला कळलं होतं, हे मला दिसत होतं. तिनं एक शब्द विचारला असता तरी मी नुसती मान हलवून सुटले असते. तिनं विचारला नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायलाही तिनं हात उचलला नाही. ती खुर्चीतून उठली, दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि थांबली.

मग मी सांगितलं.