लायडनला न्यायचे घड्याळ

नोकरीतली कित्येक प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. हे एक मात्र तसेच्या तसे डोळ्यांसमोर उभे राहते, आणि गंमत म्हणजे ते नोकरीतले नव्हतेच. पोलीस निरीक्षक म्हणून पुण्यात निवृत्त झाल्यावर मी आणि पत्नी मुलीकडे नेदरलँड्सला, न्यूनेनला गेलो होतो. परतायच्या आधीच कोरोना आला, विमाने बंद झाली आणि आम्ही तिथेच अडकलो.

शेजारच्या गल्लीत एक मराठी इंजिनिअर राहत होता. आइंडहोवनला चिप बनवण्याची यंत्रे तयार करणाऱ्या एका कंपनीत त्याची नोकरी. त्याचे वडीलही आमच्यासारखेच अडकलेले. मुंबईच्या गोदीतल्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला साधा माणूस. सगळे त्यांना नाना म्हणत, तेवढेच इथे पुरे. संध्याकाळी आम्ही दोघे दीड मीटरचे अंतर राखून तळ्याभोवती फिरायचो.

घरून काम सुरू झाल्यापासून त्या इंजिनिअरला घड्याळाचा नाद लागला होता. परदेशी निघताना नानांनी त्याला एक जुने, चावीचे स्विस घड्याळ दिले होते. कंपनी फार नामांकित. नाव लिहीत नाही. भेटला की तो त्या कंपनीचा इतिहासच सांगत बसायचा. डोंगरातल्या खेड्यांत हिवाळ्यात बर्फ पडून शेतीची कामे थांबायची, तेव्हा शेतकरी खिडकीशी बसून घड्याळाचे बारीक भाग घडवायचे. त्यातूनच असे कारखाने उभे राहिले. पुढे त्यांची घड्याळे खलाशांच्या, फौजी अधिकाऱ्यांच्या मनगटावर गेली, इंग्रजांच्या काळात आपल्याकडेही आली. मग बॅटरीवरची स्वस्त घड्याळे आली आणि डोंगरातले कारखाने धडाधड बंद पडले.

"मग ही कंपनी कशी टिकली?" मी एकदा विचारले.

"काका, वेळ तर कुठलंही घड्याळ दाखवतं. यांनी वेळ विकणं सोडून दिलं आणि मान विकायला घेतला," तो म्हणाला. "आणि माझं तर बाबांनी फोर्टातल्या शोरूममधून घेतलेलं आहे. लायडनला एका जाणकार बाईंची वेळ मिळालीय. त्या उघडून तपासतील, मग कंपनीचं प्रमाणपत्र मागवीन."

मला त्या बोलण्याचे कुतूहल वाटायचे. आम्ही संशयिताच्या मनगटाकडे आधी बघायचो. मिळकतीशी न जुळणारे घड्याळ हा चौकशीचा चांगला धागा असतो. पण ते घड्याळ माणसाला का हवेसे वाटते, याचा विचार मी कधी केला नव्हता.

लायडनला जायचा दिवस जवळ आला आणि घड्याळ नाहीसे झाले.

त्याच्या बायकोने माझ्या मुलीला फोन केला. घरात आणखी एक जण राहत होता. साताऱ्याकडचा तरुण, झूटरमेरच्या आयटी कंपनीतली नोकरी नुकतीच गेलेली. मुदतीत दुसरी नोकरी मिळाली नाही तर त्याला देश सोडावा लागणार होता. ओळखीतून त्याला माळ्यावरची खोली दिली होती. संशय त्याच्यावरच गेला आणि इंजिनिअर त्याला तोंडावर तसे बोललाही. आता पोलिसांत ऑनलाइन तक्रार करायची त्याची तयारी होती.

"तक्रार उद्याही करता येईल," मी त्याला फोनवर सांगितले. "आधी मला जागा बघू दे."

मी मास्क लावून गेलो. टेबलाच्या खणात घड्याळाची पेटी होती. कंपनीची जुनी पेटी इंजिनिअरने मुद्दाम शोधून विकत घेतली होती. पेटी रिकामी, पण झाकणाची कडी नीट लावलेली. आतले मऊ फडके चौकोनी घडी करून ठेवलेले. शेजारी सोन्याची नाणी आणि नवा कॅमेरा, दोन्हींना हात लागलेला नव्हता.

घाईतला चोर कडी लावत नाही. आणि घड्याळ विकणारा चोर पेटी सोडत नाही, कारण पेटीसकट भाव चढतो. माळ्यावरच्या मुलाला तळ्याकाठच्या बाकावर बोलावून घेतले.

तो आला तो ताठ मानेने. बाहेर मास्कची सक्ती नव्हती, पण आम्ही दोघांनीही लावला होता. चौकशीत मी नेहमी चेहरा वाचायचो. इथे फक्त डोळे आणि हात दिसत होते. त्याचे हात मांडीवर स्वस्थ पडले होते.

"साहेब, विचारा काय ते. पण एक सांगतो, तक्रारीत माझं नाव गेलं तर मला कोण नोकरी देणार? मी चोर नाही, हे कळेपर्यंत मला विमानात बसवलेलं असेल."

"विमानं बंद आहेत," मी म्हणालो.

तो हसला नाही. माझा विनोद चुकला होता.

मग मी घड्याळाविषयी न विचारता घराविषयी विचारू लागलो. कोण कधी उठते, कोणाशी जास्त बोलणे होते. चौकशीत हा आडरस्ता बहुतेक वेळा उपयोगी पडतो. तो म्हणाला, "नानांशीच होतं. परवा मला विचारत होते, जुनं घड्याळ खरं की डुप्लिकेट ते कसं ओळखतात? मी त्यांना एक व्हिडिओ दाखवला. मागचं झाकण उघडून आतले शिक्के बघतात तो. बघता बघता एकदम गप्प झाले. चहाही अर्धा टाकला."

मी त्याला घरी जायला सांगितले.

संध्याकाळी नाना नेहमीप्रमाणे फिरायला आले. मी अर्धे तळे काहीच बोललो नाही. पुष्कळ माणसांना प्रश्न झेपतात, शांतता झेपत नाही. शेवटी तेच म्हणाले, "काय झालं हो चौकशीचं?"

"तुमचा मुलगा उद्या तक्रार करणार. माळ्यावरच्या पोरावर बालंट येणार असं दिसतंय."

नाना थांबले. काठी बाकाला टेकवली आणि बसले. "त्याचा काही संबंध नाही, साहेब. मी घेतलंय."

"माहीत आहे. पण का?"

"शोरूममध्ये गेलो होतो, ते खोटं नाही. किंमत ऐकली आणि पायऱ्या उतरलो. मग बाहेर फुटपाथवरच्या एकाकडून घेतलं. गोदीतल्या मित्राने बघितलं आणि म्हणाला, नाना, डुप्लिकेट गळ्यात मारलं तुझ्या. म्हणून इतकी वर्षं कपाटात ठेवलं. मुलगा परदेशी निघाला तेव्हा द्यायला हातात दुसरं काहीच नव्हतं. तो लोकांना शोरूम सांगतो. आता ती बाई ते उघडणार."

"आहे कुठे?"

"माझ्या बॅगेत, लोकरीच्या मोज्यात. कालव्यात टाकायला गेलो होतो. मूठच उघडेना."

त्यांनी मास्क खाली ओढला. मी एकच अट घातली. हे मुलाला तुम्हीच सांगायचे, आणि त्या पोरासमोर सांगायचे. आरोप तोंडावर झाला होता, तर खुलासाही तोंडावरच व्हायला हवा.

त्यांनी तसेच केले. इंजिनिअर म्हणाला, "बाबा, एकदा विचारायचं तरी. मी काय घड्याळाकडे बघून तुम्हाला बाबा म्हणतो?" त्या तरुणाला मात्र त्याने फक्त "सॉरी रे" म्हटले. तो मुलगा उठून वर निघून गेला.

घड्याळ लायडनला न्यायचेच, असे ठरले. मीही कुतूहलाने सोबत गेलो. दुकानात एका वेळी एकालाच प्रवेश होता. मुलगा म्हणाला, "बाबा, तुम्ही जा." नाना आत गेले आणि आम्ही दोघे काचेतून बघत उभे राहिलो. बाईंनी झाकण उघडले, भिंग डोळ्याला लावले आणि नंतर ते नानांकडे दिले. सगळा जन्म यंत्रांत गेलेला माणूस. ते वाकले ते वाकलेलेच. हातवारे करून काही विचारत होते, बाई दाखवत होत्या.

बाहेर आले ते मोठ्याने बोलतच. "मशीन अस्सल आहे रे! त्याच कंपनीचं. तबकडी मात्र आपल्याकडे पुन्हा रंगवलेली. बाहेरची केससुद्धा त्याच कंपनीची, पण दुसऱ्या घड्याळाची. म्हणाल्या, भारतातून अशी जोडलेली पुष्कळ येतात. कुणीतरी बसून जमवलंय बघ, छान चालतंय!"

"प्रमाणपत्र मिळेल?"

"छे! असल्या जोडलेल्या घड्याळाला कंपनी दारातही उभं नाही करायची."

मुलगा मोठ्याने हसला. पुष्कळ दिवसांनी ते दोघे माझ्यासमोर एकत्र हसत होते.

तपासाच्या दृष्टीने मी या प्रकरणातून एक गोष्ट शिकलो. वस्तू नाहीशी झाली की ती कोणाला हवी होती, हे आम्ही विचारतो. ती तपासली जाऊ नये असे कोणाला वाटत होते, हेही विचारायला हवे. पण मला अधिक लागून राहिले ते दुसरेच. मुद्देमाल पावती घेऊन मालकाला परत देता येतो. ज्याच्यावर संशय घेतला त्याला काय परत द्यायचे, यासाठी आमच्याकडे कुठलीच कार्यपद्धती नव्हती.

त्या तरुणाला मुदत संपायच्या आत लायडनलाच नोकरी लागली. जाताना तो नानांच्या पाया पडला. इंजिनिअरशी बोलला नाही. आम्ही भारतात परतल्यावर इंजिनिअरचा मला फोन आला. तो डबा घेऊन लायडनला गेला होता. त्या तरुणाने दारातच डबा घेतला, आभार मानले, आत ये म्हटले नाही.

"आता काय करू, काका?"

"पुन्हा जा," मी म्हणालो. "डबा परत आणायला तरी जावं लागेलच."

तो गेला. या वेळी त्याला आत बोलावले, एवढे नानांकडून कळले. पुढे काय बोलणे झाले, ते मी विचारले नाही.