तिसरी हाक

पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका वाडीवर आवडी राहते. दिवाळीच्या सुट्टीत ती मुंबईला निघाली तेव्हा वाडीला वाटलं, चला, म्हातारीला एकदाची लेकीचं घर बघायची हौस आली. हौस कसली! लेक सारिका बोलावून बोलावून थकली होती तरी आवडी हलली नव्हती. तिला मुंबईत एकच गोष्ट बघायची होती: धाकटा भाऊ श्रीपत.

आई गेली तेव्हा श्रीपत रांगत होता. आवडीनंच त्याला कडेवर वाढवला, लग्न झाल्यावर सासरीही आणला. पण पोरगा मोठा झाला आणि एका शिमग्याला, देवाची पालखी दारात असताना, दारू पिऊन झिंगत आला. आवडीनं चारचौघांत त्याच्या मुस्काटात ठेवून दिली. तो जो निघून गेला तो गेलाच. भाऊच्या धक्क्यावर मासळीच्या बोटीवर असतो, एवढं सुरुवातीला कानावर यायचं. मग तेही थांबलं. "मेला असंल," लोक म्हणायचे. "मेला असता तर मला कळलं असतं," आवडी म्हणायची, आणि विषय संपायचा.

सारिकानं आईला गेटवे दाखवलं, चौपाटी दाखवली, मॉलमधला सरकता जिनाही दाखवला. जिन्यावर आवडीनं चिखलात ठेवावा तसा जपून पाय ठेवला आणि वर पोचेपर्यंत देवाचं नाव सोडलं नाही. बाकी तिचं लक्ष मुंबईकडे नव्हतंच, ते येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडांकडे होतं. शेवटी सारिकानं हात टेकले. "चल, तुझा धक्का दाखवते एकदाचा!"

भाऊच्या धक्क्यावर पोचल्या तेव्हा तिन्हीसांजा झाल्या होत्या. आवडी दिसेल त्याला विचारत सुटली, "पोलादपूरचा श्रीपत ठाव हाय का?" कुणी मान हलवली, कुणी तेवढीही तसदी घेतली नाही. सारिका चहा आणायला टपरीकडे गेली. आवडी पाण्याकडे पाठ करून, फाटकातून येणारी माणसं न्याहाळत उभी राहिली. तेवढ्यात मागून हाक आली.

"आवडेऽऽ!"

तोच आवाज. नाव ओढायची तीच खोड. वाडीला ती काकी, लेकीला आई. नवरा तर कधीच गेलेला. तिला आवडे म्हणणारं दुसरं उरलं होतं कोण?

ओ अगदी ओठांवर आली आणि तिनं ती गिळली. वाडीवर शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, तिन्हीसांजेला मागून हाक आली तर ओ द्यायची नाही, वळायचं नाही. माणूस असेल तर तिसऱ्यांदा हाक मारील. भुताला दोनच हाका मारता येतात.

"आवडे गोऽऽ!"

ही दुसरी. आवडीनं मुठी आवळल्या. अजून एकदा, देवा, एकदाच. तिसरी हाक आली नाही. मागे धक्क्याला लागलेल्या लाँचचा भोंगा तेवढा वाजला.

ती वळली तेव्हा लाँच सुटली होती. मागच्या टोकाला माणसं दाटीनं उभी होती, अंधुक उजेडात एकाचंही तोंड ओळखू येईना. एक माणूस तर धक्क्याकडे पाठ करून उभा होता.

"श्रीपत! अरे मी हाय रे, वळून बघ!" इंजिनाच्या धडधडीत तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

चहा तसाच टाकून सारिका धावत आली. "काय झालं आई?"

"काय नाय."

तुला हाक ऐकू आली का, हे तिनं लेकीला आजवर विचारलेलं नाही. नाही म्हणाली तर ते भूत होतं, म्हणजे भाऊ गेला. हो म्हणाली तर भाऊ जिवंत होता, आणि दोन हाका मारूनही बहीण वळली नाही, अजून शिमग्याचा राग धरून आहे, असं समजून निघून गेला. यातलं कुठलं बरं, ते तिला ठरवता येत नाही. विचारायची भीती वाटते.

दुसऱ्या दिवशीही त्याच वेळी ती धक्क्यावर जाऊन उभी राहिली. कुणी हाक मारली नाही. सुट्टी संपली, ती वाडीवर परतली.

आता वाडीला नवीच धास्ती लागली आहे. सांज झाली की रानातून नाना आवाज येतात. त्यातला एखादा हाकेसारखा वाटला रे वाटला, की आवडी दारात येऊन मोठ्यानं ओ देते. पहिल्याच हाकेला. शेजारची तुळजाबाई खवळते, "येडी झालीस काय गो? भूत घरात घेशील!"

"येऊ दे की," आवडी म्हणते. "भूत झाला असला तरी माझाच हाय. त्या शिमग्याला उपाशीच गेलाय."