गॉर्डनचं कोरडं छप्पर

कारखान्यांच्या इमारतींतून उष्णता कुठून गळते ते शोधणं, हे आमचं काम. रिपोर्टमध्ये आकडे जातात आणि उरलेलं सगळं कॅनडातल्या मिसिसागाच्या ऑफिसात जेवणाच्या डब्यांबरोबर उघडतं. त्यातलं निम्मं माझे सीनिअर, नागपूरचे कांबळे सर, यांच्या नावावर जमा आहे. स्कारबरोच्या त्या कारखान्याचं तर फारच.

*

तो कारखाना दारं बनवायचा, आणि त्याचंच मागचं दार नीट लागत नव्हतं! तीस वर्षं मेंटेनन्स बघणारा गॉर्डन फटीत जुनं ब्लँकेट कोंबायचा. मालकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, "या विंटरला गॅस कमी जळला नाही, तर आय ॲम शटिंग डाउन." आत साठेक माणसं काम करत होती.

*

गॉर्डन आम्हाला छप्पर दाखवायला घेऊन गेला. आजूबाजूची सगळी छपरं बर्फाने पांढरी, याचं तेवढं काळं आणि कोरडं.

"बेस्ट रूफ ऑन द स्ट्रीट. मला कधी बर्फ शोव्हल करावाच लागत नाही," तो अभिमानाने म्हणाला.

कांबळे सर माझ्या कानाशी पुटपुटले, "अबे, हा आतल्या गॅसवर आभाळातला बर्फ वितळवून राहिला!"

हे गॉर्डनला सरांनीच सांगितलं, त्याच्या खांद्यावर हात ठेवून.

*

हवा कुठे गळते ते बघायला आम्ही धुराची कांडी वापरतो. ती मी ऑफिसातच विसरलो होतो. सरांनी जॅकेटमधून अगरबत्तीचा पुडा काढला, रविवारी आंबेडकर असोसिएशनमधल्या वंदनेनंतर उरलेला. एक पेटवून भिंत आणि छताच्या सांध्यापाशी नेताच धुराची रेघ सरळ फटीत ओढली गेली. दिवसभर सगळे वर्कर चंदनाच्या वासात दारं घासत होते.

*

मग मी थर्मल कॅमेरा घेऊन फिरलो. गळतीच्या एकोणीस जागा सापडल्या. मोठ्या ऐटीत फोटो गॉर्डनला दाखवले.

त्याने भिंतीलगतची कपाटं सरकवली. मागे खडूच्या फुल्या होत्या. दर विंटरला तो हातमोजा काढून उघड्या तळव्याने भिंती चाचपायचा, आणि गार लागेल तिथे फुली मारायचा. मी मोजल्या, तेवीस. जास्तीच्या चारही ठिकाणी कॅमेरा धरला. चारही खऱ्या निघाल्या. मी थक्क होऊन त्याच्या तळव्याकडे बघत राहिलो.

"हे कुणाला सांगितलं नाहीस?"

"सांगितलं होतं. दे गेव्ह मी अ ब्लँकेट."

*

फुल्यांबरहुकूम भेगा बुजवल्या, छपरावर जाड इन्सुलेशन चढलं, मागे नवं दार बसलं. जानेवारीत मोठा बर्फ पडला. सकाळी आम्ही पोचलो, तर गॉर्डन मान वर करून पार्किंगमध्ये उभा. छप्पर पांढरंशुभ्र, कुठे एक काळा डाग नाही. कांबळे सरांनी कानटोपी काढली आणि तेही बघत उभे राहिले.

तेवढ्यात मालकाची गाडी आली. त्याने एकदा वर बघितलं. मग डिकी उघडून बर्फ उपसायची नवीकोरी शोव्हल काढली आणि गॉर्डनच्या हातात दिली.

"यू विल नीड दिस," तो म्हणाला. "एव्हरी विंटर."