घोंगडीआडचा वीर

माझी मुलगी पुण्यात नोकरी करते. गेल्या महिन्यात ती ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर व्हिएतनामला फिरायला गेली आणि तिथून भर दुपारी तिनं व्हिडिओ कॉल लावला. त्या देशाच्या कुणा फार जुन्या वीराची समाधी आणि मंदिर ती मला दाखवत होती. आवारात झाडं, पुढं देऊळ, मागं समाधी, लोक उदबत्त्या धरून उभे. मी आपला "छान, छान" म्हणत होतो. मग ती हसून म्हणाली, "पप्पा, मी सगळ्यांना सांगितलं, आमच्या गावातही वीराची समाधी आहे, देऊळ आहे. आणि आमच्या वीराचा घोडा अख्ख्या जगात फक्त माझ्या पप्पांनी पाहिलाय."

रेंज नाही असं म्हणून मी फोन बंद केला. खाई त्याला खवखवे म्हणतात, ते खोटं नाही.

मी पेंटर. उभी हयात नेकनूरच्या आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या आणि ट्रॅक्टरच्या मागची नावं रंगवण्यात गेली. फ्लेक्स आला आणि माझे ब्रश वाळून कडक झाले. उरलं ते एकच काम, देवांना रंग देणं. त्यात अजून मशीन शिरलेलं नाही.

आमच्या गावचा वीर दोन ठिकाणी राहतो. वरच्या माळावर त्याची समाधी, गावात त्याचं मंदिर. समाधी म्हणजे लिंबाखाली कमरेएवढा एक उभा दगड. पिढ्यान् पिढ्या शेंदूर चढून चढून तो इतका फुगला होता की आत काय कोरलंय हे कुणालाच माहीत नव्हतं. नुसता तांबडा गोळा आणि दोन चांदीचे डोळे. मंदिर गावातल्या मोठ्या बागायतदार घराण्याकडं. ते म्हणायचे, वीर म्हणजे आमचा पूर्वज, घोड्यावरचा सरदार. समाधी माळावरच्या मेंढपाळांकडं. ते म्हणायचे, वीर आमचा, गावाची गुरं लुटारूंपासून सोडवताना मेला. भांडण जुनं होतं, पण जुन्या माणसांनी त्याला एक खुंटी ठोकून ठेवली होती. यात्रेच्या दिवशी मेंढपाळांची काठी समाधीवरून निघायची आणि तिचं टोक उंबऱ्याला टेकलं की मगच मंदिराचं दार उघडायचं. त्यामुळं दोघांनाही एकमेकांशिवाय यात्रा करता यायची नाही. त्या काठीला दरसाल तांबडे-पांढरे पट्टे मी मारायचो. काठी धरणारा माणूस माझ्या शाळेतला दोस्त. शाळा त्यानं चौथीत सोडली, दोस्ती सोडली नाही.

काही वर्षांमागं ऐन उन्हाळ्यात त्याचा निरोप आला, "वीराची खोळ तडकली."

शेंदराची खोळ, म्हणजे साचत आलेला जाड थर, गळून पडणं ही आमच्याकडं मोठी गोष्ट. पडलेली खोळ वाजतगाजत गोदावरीत सोडायची असते. पण त्याआधी देवाला नवा शेंदूर लावावा लागतो, आणि तोवर देव उघडा असतो. उघडा देव कुणी बघायचा नाही. बघायचा फक्त शेंदूर लावणाऱ्यानं. बाकीच्यांनी पाठ फिरवायची, मधे घोंगडी धरायची.

सकाळी सकाळी मंदिराचे मालक माझ्या दारात. त्या घराण्यातला थोरला पुरुष, तालुक्यातला पुढारी. त्यांना सगळं गाव मालकच म्हणतं. चहाचा कप हातात घेऊन ते म्हणाले, "पेंटर, खोळीखाली घोडा असंल. नीट बघ बे. मंदिराची नवी भिंत कोरीच हाय. अख्खी भिंत तुज्याकडनं रंगवून घ्यायची म्हंतो. खाली तुजं नाव टाक."

इथं माझं पाणी जोखून घ्या. मला धमकी कुणी दिली नाही, पैसाही कुणी दाखवला नाही. मला भिंत दाखवली. जन्मभर दुसऱ्यांची नावं लिहिलेल्या माणसाला स्वतःचं नाव लिहायला जागा दाखवली.

माळावर अर्धं गाव जमलेलं, सगळ्यांच्या पाठी आमच्याकडं. दोस्तानं स्वतःची घोंगडी दोन्ही हातांनी ताणून धरली आणि तोंड फिरवून उभा राहिला. माझ्यापासून हातभर अंतरावर. मी तिळाच्या तेलात शेंदूर खलून ठेवला आणि खोळीचा शेवटचा तुकडा अलगद काढला.

आत काळा दगड होता. वर सूर्य-चंद्र. खाली एक माणूस, पायी चालणारा. डोक्यावरून घोंगडी घेतलेली, हातात लांब काठी. मागं दोन गाई. घोडा नव्हता, तलवार नव्हती. ती काठी मी लगेच ओळखली, कारण यात्रेला दरसाल मी जिला पट्टे मारत होतो ती हीच होती. इतक्या पिढ्या ती मेंढपाळांनी नुसत्या सवयीनं खाली नेलेली नव्हती.

"पेंटर, काय दिसतंय?" मालकांनी पाठमोरंच विचारलं.

खरं सांगायला चार शब्द पुरले असते. माझ्या डोळ्यांपुढं ती कोरी भिंत आली. मी म्हणालो, "घोडा हाय, मालक. सवार बी हाय."

गर्दीतून जयजयकार झाला. मी ओंजळीनं शेंदूर घेतला आणि आधी ती काठी बुजवली, मग गाई, मग तोंड. जाड लावला. घोंगडी हलली नाही.

भिंत मी रंगवली. पांढरा घोडा, त्यावर मिशीवाला सरदार. नाक मालकांसारखं झालं, ते मुद्दाम की आपोआप हे मलाही सांगता येणार नाही. खाली माझं नाव. मुलगी सुट्टीत आली की त्या घोड्यापुढं फोटो काढायची.

पुढच्या यात्रेआधी मालकांनी बैठकीत सांगितलं, "वीर आमच्या घरचा हे आता ठरलं. माळावरच्या काठीसाठी दार अडवून ठेवायची गरज न्हाई." मेंढपाळ चिडले, दोन पोरं अंगावर धावली. माझ्या दोस्तानंच त्यांना मागं ओढलं. म्हणाला, "पेंटरनं सोताच्या डोळ्यानं बघितलंय. पेंटर खोटं कावून बोलंल?" मी तिथंच बसलो होतो. खाली मान घालून चटईच्या काड्या मोडत होतो.

तेव्हापासून काठी खाली आली नाही. दार सकाळीच उघडतं, लाऊडस्पीकर लागतो. मेंढपाळांची माणसं यात्रेला येत नाहीत, आणि दोन्हीकडची पोरं पारावर आता एकमेकांशी बोलत नाहीत. लोक म्हणतात, काळ वाईट आलाय. काळाचं मला ठाऊक नाही. आमच्या गावापुरता तो मी आणला.

मुलीच्या फोननंतर चार दिवस अन्न गोड लागलं नाही. पाचव्या दिवशी सकाळी माळावर गेलो. दोस्त खोपीपुढं कोकराच्या पायाला हळद बांधत बसला होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. घोडा नव्हता, काठी होती, तुमचाच माणूस होता, मी खोटं बोललो.

त्यानं गाठ मारून घेतली, कोकरू सोडलं.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

"कसं?"

"ती घोंगडी लई जुनी व्हती, पेंटर. मधी विरलेली. म्या मान वळवली, विरल्या जागंतून समदं दिसलं. काठी बी दिसली, गाई बी."

मी खाली बसलो. विचारलं, "मग बोलला का नाहीस बे? बैठकीत उलट माझीच बाजू घेतलीस."

"काय बोलू? उघडा देव बघितला म्हणून सांगू? पुन्यांदा कुणी समाधीला शिवू दिलं असतं का मला?" त्यानं हात धोतराला पुसले. "तुला बघायचा हक्क व्हता. मला सांगता येत न्हवतं, तुला येत व्हतं. म्हणलं, आज न उद्या सांगंल. बैठकीत तेच्यासाठीच तुजं नाव घेतलं, तुज्या तोंडाकडं बघत. तू चटई मोडत व्हतास."

तो उठून आत गेला आणि आढ्याला खोचलेली यात्रेची काठी काढून आणली. माझे पट्टे उडून लाकूड उघडं पडलं होतं. त्यानं ती माझ्या मांडीवर आडवी ठेवली.

"यात्रेला बारा दिस हायेत. रंग तूच दे. पर आधी गावात सांग, मग दे."

काठी घरी आणून भिंतीला लावून ठेवली आहे. तांबडा डबा उघडला, ब्रश तेलात भिजवून मऊ केले. आज त्याला नऊ दिवस झाले. रोज सकाळी मी पारापर्यंत जातो, मंदिराच्या भिंतीवरचा घोडा आणि खालचं माझं नाव बघतो आणि परत येतो. डब्यातल्या रंगावर साय धरली आहे. काठी अजून तशीच उघडी आहे.