अण्णांचं आजारपण

ऐका हो ऐका! नांदूरघाटातल्या प्रत्येक सत्काराचा माईक ज्याच्या हातात असतो, तो मी आज कागदावर अतिशय गंभीर घोषणा करतो आहे — मी खोटारडा आहे. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही.

हसलात? हसा. मला मात्र हल्ली स्वतःच्या आवाजाचाच संताप येतो.

गाव मला 'डॉक्टर' म्हणतं. कशामुळे? तरुणपणी मुंबईच्या एका मोठ्या मेडिकल कॉलेजात माझा नंबर लागला, आणि अण्णा — माझे वडील — अंथरुणाला खिळले म्हणून मी ते सोडून आलो. बापासाठी डॉक्टरकी सोडणारा पोरगा! ही गोष्ट मी इतक्या पंगतींत रंगवली, की पुढे पुढे अण्णांचा खोकलाही काढून दाखवायला लागलो.

गेल्या वर्षी शेजारचा बिरा आला. मेंढपाळ माणूस. त्याच्या पोरीला, सुनीताला, मार्क असे पडलेले, की तेच मुंबईचं कॉलेज मिळत होतं आणि जवळचं अंबाजोगाईचंही. पसंतीक्रम भरायचा होता.

"डॉक्टर, तुमी ऱ्हायलाव तितं. तुमी म्हणाल ते पयलं टाकू."

काय तोलून बोललो मी! आधी फायदे सांगितले — प्रामाणिक वाटावं म्हणून. कुठकुठले पेशंट, पुस्तकात वाचलेला आजार समोरच्या खाटेवर, नावाजलेले शिक्षक. सगळं खरं. मग आवाज खाली आणला. हॉस्टेल. फाडफाड इंग्रजी. एकटी पोर — रडली तर जवळ कोण? अंबाजोगाईला काय कमी आहे? एसटीत बसलं की घर! हेही खरंच होतं. म्हणूनच तर ते इतकं सोपं गेलं ना?

"काका, मला मुंबईच पायजे," सुनीता म्हणाली. मी बिराकडे बघून नुसता उसासा टाकला. तेवढा पुरला.

का केलं? ती तिथे टिकली असती — म्हणून! अण्णांना काहीही झालं नव्हतं; ते तेव्हा दूर रानातच वस्तीला असायचे, म्हणून गावाला कळलं नाही. प्रेत फाडायच्या हॉलमध्ये मी चक्कर येऊन पडलो, पोरं हसली, आणि मी पेटी उचलून पळालो. बस, एवढंच. जिथून मी पळालो तिथे बिराची पोरगी उभी राहिली असती, तर माझ्या गोष्टीचं काय उरलं असतं? त्या गोष्टीसाठी मी तिची मुंबई खाल्ली.

वर तिच्याच सत्काराला माईक मी धरला. तिला फेटा बांधला, आणि पुन्हा तीच गोष्ट — खोकल्यासकट. समोर तिचा आजा, धोंडिबा. मेंढरांमागे फिरणारा म्हातारा, माझी गोष्ट पहिल्यांदाच ऐकत होता. आमच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची ती त्याचीच, वर्षानुवर्षं. तो काठी टेकत उठला आणि ओरडला. मी माईकवरून त्याच्यावर आवाज चढवला, "आजोबांचं वय झालंय, टाळ्या होऊन जाऊ द्या!" गाव हसलं. म्हातारा खाली बसला. सुनीता हसली नाही. अंबाजोगाईहून येते तेव्हा आमच्या दारावरून जाते, थांबत नाही.

तुम्ही माफ करावं असं काही यात नाही. टाळ्यांत बुडवलं ते वाक्य तेवढं लिहून ठेवतो. म्हातारा म्हणाला होता —

"कावून खोटं बोलतो रं? तवा आमची मेंढरं तुज्याच रानात बसली हुती, अन् तुजा बाप एडका खांद्यावर घिऊन नाचत हुता!"