नको म्हटलं आणि सोलो गेला

आता काय सांगू तुम्हाला, इथे जर्मनीत, हॅनोव्हरमध्ये मी माझा सोलो स्वतःच्या तोंडाने सासूबाईंना देऊन टाकला. वर त्या प्रस्तावाचं भाषांतरही मीच केलं!

आमच्या भागात लोकांच्या देणग्यांवर चालणारी एक संस्था आहे. वाद्यं वापरायला मिळतात, शिकवणी फुकट, कुठल्याही देशाचे असा, या आणि वाजवा. तिथे सीरियाचा एक शिंपी ऊद नावाचं अरबी तंतुवाद्य वाजवतो, एक निवृत्त बेकरीवाली आजी ट्रम्पेट फुंकते, आणि मी संस्थेच्या व्हायोलिनवर दोन वर्षं घासतेय. शब्दशः घासतेय, शेजारी साक्षीला आहेत.

पुण्याहून सासूबाई आल्या आणि मला कणीक कशी मळायची ते शिकवू लागल्या. म्हटलं, त्यापेक्षा तालमीला चला. ट्राममध्ये बजावलं, "अहो आई, इथे आग्रह नसतो हं. उगाच 'नको नको' करायचं नाही. नको म्हणजे नको. हवं असेल तर सरळ हो म्हणायचं."

"बरं बाई. तुमचं सगळंच सरळ."

तिथे त्यांनी एक अंगाई म्हटली. एकच! शिंप्याने ऊदवर सूर धरला, बेकरीवाल्या आजीने डोळे पुसले. माझ्या व्हायोलिननेही लोकांच्या डोळ्यांत पाणी येतं, पण कारण वेगळं असतं. माझा जळून कोळसा!

तेवढ्यात आमची संचालिका उल्रिके माझ्यापाशी आली. "देणगीदारांच्या मैफलीत सोलो तू वाजवशील?"

दोन वर्षं मी याच प्रश्नाची वाट बघत होते हो! आणि मी काय म्हणावं? मान वाकडी करून, लाजून, "छे, मी कसली! दुसऱ्या कुणाला तरी दे ना."

आता समोरच्याने काय म्हणायचं असतं? "असं कसं, तूच!" मग आपण पुन्हा "नको", मग ती पुन्हा "तूच", मग आपण "बरं, एवढं म्हणतेस तर…" रीत आहे ना आपली?

"आल्झो गुट, ठीक आहे तर," उल्रिके म्हणाली. "मग सासूबाईंना विचार."

विचारलं. दातओठ खात विचारलं. वर पुस्तीही जोडली, "आई, नको म्हटलंत तरी चालेल हं."

"याऽ!" सासूबाई थेट उल्रिकेलाच म्हणाल्या. जर्मनमधला 'हो' तेवढा त्यांना पक्का येतो.

उल्रिकेला माझी दया आली असावी. "साथीला तू वाजवशील?"

आणि ही माझी जीभ! "नको, त्यांच्या मध्ये मी कशाला…"

"गेनाऊ, बरोबर आहे तुझं."

मैफलीच्या दिवशी सासूबाई पैठणी नेसून स्टेजवर आणि मी केकच्या टेबलामागे, हातात सुरी. सगळं सभागृह अंगाई गुणगुणतंय, आणि मी केक असा कापतेय की बेकरीवाली आजी म्हणाली, "हळू गं, तो मेलेलाच आहे!"

टाळ्या थांबल्यावर सासूबाई आल्या. माझा चेहरा बघून हळूच म्हणाल्या, "अगं, तुझी ती वाकडी मान मी पाहिली होती. हवं होतं तर हो म्हणायचंस. तूच शिकवलंस ना मला?"

बोला! मी केकचा आणखी एक तुकडा पाडला.

एवढ्यात उल्रिके धावत आली. "बरं झालं भेटलीस! पुढच्या वर्षीच्या मैफलीत तू…"

या वेळी मी फसणार होते थोडीच! "याऽ! याऽ! मीच! दुसऱ्या कुणाला विचारूसुद्धा नकोस!"

तिने मला मिठीच मारली. "सुटले गं! केक वाटायला कुणीच तयार नव्हतं."